तात्यांचं नाव फळ्यावरून पुसू नका

गावोगावची भजनी मंडळं, सप्ताह कमिट्या, दिंडीचालक आणि कीर्तनकार महाराज यांना,

सप्रेम रामकृष्णहरी.

मी एका विणेकऱ्याची थोरली लेक. सातारा जिल्ह्यात आमचं गाव आहे, माऊलींच्या पालखीच्या वाटेपासून फार लांब नाही. प्राथमिक शाळेत शिकवते. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. गावाचं आणि मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे घडलं ते करणारी माणसं वाईट नाहीत, आमचीच आहेत. आणि असंच तुमच्याही गावात घडत असेल, म्हणून हे पत्र सगळ्यांना.

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार. सात दिवस, सात रात्री ती कुणाच्या तरी गळ्यात असते. पहारा संपला की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तात्यांचा पहारा रात्री २ ते ४. थंडीतला, झोपेचा, सहसा कुणी मागून न घेणारा. चाळीसेक वर्षं तो त्यांचाच होता. देवळातल्या फळ्यावर पहाऱ्याची यादी लिहिताना त्या ओळीपुढे त्यांचं नाव विचारल्याशिवायच पडायचं.

तीन वर्षांपूर्वी त्या पहाऱ्यात तात्या वीणेसकट मंडपाबाहेर पडले. काकड्याला निघालेल्या बायकांना ते ओढ्याच्या काठी उभे दिसले. वीणा गळ्यात होती, बोट तारेवर होतं, आणि घर कुठल्या अंगाला हे त्यांना सांगता येत नव्हतं. कुणी म्हणालं चकवा लागला. कुणी अंगारा आणून दिला. सप्ताह खंडला म्हणून मंडळी हबकली, त्यात त्यांची चूक नाही. पण पुढच्या वर्षी फळ्यावर २ ते ४ पुढे दुसरं नाव आलं, आणि हे तात्यांना कुणीच सांगितलं नाही. आम्हालाही नाही. रात्री दीडला ते उठले, धोतर नेसले, गंध-बुक्का लावला आणि गेले. आई मागोमाग गेली. तिनं पाहिलं, ते फळ्यासमोर उभे राहून यादी वाचत होते, खाली जाऊन पुन्हा वरून वाचत होते. परत येताना तिला म्हणाले, "फळ्यावर माझं नावच न्हाय. म्या गेलो का काय?"

हे पत्र त्या प्रश्नासाठी लिहिते आहे.

तात्यांना स्मृतिभ्रंश आहे. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, तोच त्यांना आहे. देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून जास्त माणसांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. बायकांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. ज्या गावात साठीपुढची ४०० माणसं आहेत तिथे सरासरीनं तिसेक घरांत एक तात्या किंवा एक आजी आहे असं धरा. मंडळात टाळ घेऊन बसलेल्यांची वयं आठवा. तुमच्यात असा कुणी नाही, असं होणं अवघड आहे.

आम्हाला ते उशिरा कळलं, आणि त्यात थोडा हात आपल्या शब्दांचाही आहे. कीर्तनात देहभान हरपलेल्या माणसाला आपण सगळ्यात वरच्या पायरीवर बसवतो. तात्या जेवून उठल्यावर पुन्हा पानावर येऊन बसायला लागले, सदरा उलटा घालून निघायला लागले, बाजारातून पिशवी विसरून रिकाम्या हातानं येऊ लागले, तेव्हा लोकांनी हात जोडले. "तात्या आता पोचले," म्हणाले. आईला बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. दीड वर्ष त्यात गेलं. त्याच काळात माघारी म्हातारचळ हा शब्दही फिरत होता. पोचलेला आणि चळलेला, या दोन शब्दांच्या मध्ये आजारी माणसाला बसायला जागाच नव्हती.

भजनात हरपलेलं देहभान आरतीनंतर परत येतं. तो माणूस चप्पल शोधतो, कंदील उचलतो आणि आपल्या वाटेनं घरी जातो. रोजच्या गोठ्याची वाट चुकणं, पन्नासाची आणि पाचशेची नोट न ओळखता येणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत सहा वेळा विचारणं, हे आजारपण आहे. आणि ते सगळ्यात आधी तुम्हाला दिसतं, घरच्यांना नाही. घरात आम्ही सांभाळून घेतो, माणसाच्या ऐवजी वाक्य पुरं करतो. मंडळात मात्र चाल चुकलेली कळते, म्हटलेला चरण परत आलेला कळतो. चाळीस वर्षांचा सोबती समोर बसलेला असताना नाव सापडत नाही, तेही कळतं. तुम्ही ते हसण्यावारी नेता किंवा मोठेपणानं पोटात घालता. तसं करू नका. घरातल्या कुणाला तरी बाजूला घेऊन सांगा.

सांगण्याचं कारण असं, की विसरभोळेपणाच्या मागे दर वेळी हाच आजार नसतो. बी-१२ जीवनसत्त्व फार कमी झालं, थायरॉइड बिघडलं, रक्तातलं सोडियम उतरलं, डोक्याला मार लागून आत रक्त साकळलं, तरी माणूस असाच गोंधळतो, आणि यांवर उपचार आहेत. दोन दिवसांत एकाएकी भ्रमल्यासारखं झालं तर लघवीचा जंतुसंसर्गही असू शकतो, तिथे तर वाट बघायचीच नाही. आणि उदासी. जोडीदार गेल्यावर भजनाला येणं बंद केलेला, बोलणं तोडलेला, काही आठवत नाही म्हणणारा म्हातारा कित्येकदा नैराश्यात असतो. ते नैराश्य बरं होतं. आम्हाला पहिल्यांदा एका डॉक्टरांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून परत पाठवलं होतं. तसं ऐकून कुणी गप्प बसू नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे दाखवता येतं. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे आणि ज्येष्ठांसाठी १४५६७. दोन्ही फुकट आहेत, मराठीत बोलता येतं. देवळाच्या फळ्यावर तिथीशेजारी हे दोन नंबर लिहायला खडूचा एक तुकडा पुरे.

आता कीर्तनकार महाराजांना थोडं. रागानं लिहीत नाही, हात जोडून लिहिते.

एका सप्ताहात मागच्या रांगेत आई बसली होती. कीर्तनात वाक्य आलं, ज्याच्या मुखी अखंड नाम त्याची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. पुढे टाळ्या झाल्या. आई घरी आली आणि चुलीपुढे बसून मला म्हणाली, "यांच्या नामात काय कमी पडलं गं?" पन्नास वर्षं पहाटे उठून ज्या माणसानं नेम केला, त्याच्या बायकोनं हे विचारावं! महाराज, मधुमेह झालेल्याला तुम्ही नाम कमी पडलं म्हणत नाही. मोतीबिंदू झालेल्यालाही नाही. मेंदू हाही शरीराचाच अवयव आहे.

याहून खोल एक भीती आहे, आणि तिचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. आजाराच्या सुरुवातीच्या काळात माणसाला आपलं काय चाललंय हे कळत असतं. त्या दिवसांत तात्या हरिपाठ झाला की नाही या शंकेनं रडायचे. कधी एका संध्याकाळी चार वेळा म्हणायचे आणि तरी नेम चुकला म्हणायचे. त्यांचं मन या आजारात सगळ्यात जास्त पोळलं ते तिथे. पैसे हरवल्याचं त्यांना एवढं वाटलं नाही. एका रात्री मला जवळ बसवून त्यांनी विचारलं, "शेवटच्या घटकेला त्याचं नाव आठवंल का गं मला?"

अंतकाळी मुखी नाम यावं यासाठी ज्यानं आयुष्यभर तयारी केली, त्याला नेमकं नावच हातून निसटताना दिसत होतं. मी म्हणाले, आठवेल, मी सांगेन कानात. ते लेकीचं समजावणं झालं. त्यांना त्यानं धीर आला नाही, मला चेहऱ्यावरून कळलं. तेच नारदाच्या गादीवरून कुणी सांगितलं असतं तर आला असता. आपण विठ्ठलाला माऊली म्हणतो. आईचं नाव लेकरानं घोकायचं नसतं, लेकराला आईनं लक्षात ठेवायचं असतं. तान्ह्या पोराला तर आपल्या आईचं नावही ठाऊक नसतं. एवढंच चिंतनात आणा. वर्षातल्या एका कीर्तनात आणा, विसरायला लागलेली जी म्हातारी माणसं समोर बसलेली असतील त्यांच्यासाठी. ती कोण आहेत ते तुम्हाला दिसणार नाही. त्यांना मात्र ते पोचेल.

आमच्या घरात काय उपयोगी पडलं ते सांगते, सगळीकडे तसंच होईल असा दावा नाही.

दिवेलागण झाली की तात्यांची घालमेल सुरू व्हायची. स्वतःच्या ओसरीवर बसून "घरी जायचंय" म्हणायचे, चपला घालून दाराशी उभे राहायचे. अडवलं तर हात उगारायचे. माझ्या वडिलांनी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. या आजारात सांजवेळी असं वाढतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. दिवसाचा थकवा आणि उतरता उजेड, त्यानं गोंधळ वाढतो. दिवे लवकर लावा, सावल्या पडू देऊ नका, वाद घालू नका असंही सांगितलं. ते सगळं केलं. मग एके दिवशी आईनं, कंटाळून म्हणा किंवा सवयीनं म्हणा, टाळ काढले आणि हरिपाठ सुरू केला. ती वेळ हरिपाठाचीच तर असते. तात्या दारातून मागे वळले. खाली बसले. दुसऱ्या चरणाला आवाज लागला आणि चाल नेमकी धरली. ज्यांना माझं नाव सांगता येत नव्हतं, त्यांनी त्या संध्याकाळी एकही चरण चुकवला नाही.

यात चमत्कार नाही, आणि तसं कुणी सांगत फिरू नये. अल्झायमर मेंदूच्या ज्या भागाला आधी धरतो, तो भाग नव्या गोष्टी साठवतो. म्हणून सकाळचा चहा प्यायल्याचं आठवत नाही. लहानपणी शिकलेलं, हजारो वेळा हातानं, पावलानं, सुरानं घोटलेलं वेगळ्या वाटेनं साठतं आणि पुष्कळ उशिरापर्यंत टिकतं. पावलीची पावलं त्यातलीच. डिमेन्शिया असलेल्यांवर संगीताचा काय परिणाम होतो, यावरच्या अनेक अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या संस्थेनं २०१८ मध्ये घेतला. उदासी आणि वागण्यातल्या अडचणी काही प्रमाणात कमी होतात, स्मरणशक्ती मात्र फारशी सुधारत नाही, असं त्यात निघालं. आमचा अनुभव तंतोतंत तोच. तात्या बरे होत नाहीयेत. गेल्या वर्षी पूर्ण म्हणायचे, आता शब्द गळायला लागले आहेत, पाय अजून ठेका धरतो. पण ती संध्याकाळ शांत जाते, आणि त्या रात्री झोप लागते. ज्या आजाराला अजून बरं करणारं औषध नाही, त्यात एक शांत संध्याकाळ किती मोठी असते ते आम्हाला विचारा.

ओसरीवर आम्ही दोघी जणी आणि ते. मंडळात तीस टाळ एकदम वाजतात. तो घोष मी घरी कुठून आणू? म्हणून मागणं मंडळाकडे आहे.

वीणा देऊ नका. ती जबाबदारी आता त्यांची नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पण पहाऱ्यावरून उतरवायचं तर सांगून उतरवा. हार घाला, नारळ द्या, त्यांच्या हातून पुढच्याच्या गळ्यात वीणा घालून घ्या. तशी रीत आपल्याकडे आहेच, पहाऱ्याला पहारा देताना आपण ती रोज करतो. आणि मग त्यांच्या हातात टाळ द्या. शेजारी दर वेळी तोच एक माणूस बसवा, म्हणजे त्यांना ओळखीचा खांदा राहील. चरण पुन्हा म्हटला तर म्हणू द्या. देवापुढे एक चरण दोनदा झाला तर काय बिघडतं? कर्णा त्यांच्या डोक्यावर नको, त्या आवाजानं माणूस बिथरतो. कमी ऐकू येत असेल तर कान तपासून घ्यायला सांगा. ऐकू न येणं आणि एकटं पडणं, दोन्हींनी या आजाराचा धोका वाढतो, असं जगातले तज्ज्ञ सांगतात.

आणि कृपा करून परीक्षा घेऊ नका. "तात्या, सांगा बरं मी कोण?" गावातली प्रत्येक व्यक्ती प्रेमानंच विचारते. तात्या हसतात, माझ्याकडे बघतात, त्यांच्या कपाळावर घाम येतो. तुम्हीच नाव सांगा ना. किंवा नावाची गरजच काय? आपल्या संप्रदायात भेटेल त्याच्या पाया पडायचं आणि माऊली म्हणायचं. ज्याचं नाव आठवत नाही त्याच्यासाठी इतका मोठा शब्द आपल्या पूर्वजांनी करून ठेवला आहे. तात्या आता मलाही माऊली म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. आता ओ देते.

दिंडीचालकांना एवढंच, की अशा माणसाला वारीतून एकदम काढूही नका आणि आळंदीपासून चालवूही नका. पालखी जवळच्या मुक्कामाला आली की गर्दी व्हायच्या आधी घरच्यांबरोबर त्याला आणवा, तासभर दिंडीत बसवा. सदऱ्याच्या आतून कापडावर फोन नंबर शिवून घ्या. खिशातलं कार्ड हरवतं, शिवलेलं राहतं. पंढरपूरला नेलंच तर दर्शनबारीत तासन् तास उभं करू नका. नामदेव पायरी आणि कळस, एवढ्यावर समाधान मानणारे वारकरी पूर्वीपासून आहेत. एकादशीचं मात्र घरच्यांना स्पष्ट सांगा. मधुमेहाची गोळी घेऊन निर्जळ राहिलेला म्हातारा साखर उतरून बेशुद्ध होऊ शकतो, आणि आपण उपाशी आहोत की जेवलो हेच त्याला आठवत नाही. "तुमचा उपवास देवानं मागंच पावता करून घेतला" असं कुणी वडिलकीनं सांगितलं, तरच ते ऐकतात. आमचं ऐकत नाहीत.

माळेचंही सांगायचं आहे, कारण दवाखान्यात ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मेंदूच्या एमआरआयसाठी तात्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ काढली, तिला तार होती. तपासणी वीस-पंचवीस मिनिटांची. पण माळ पाकिटात राहिली, पाकीट भावाच्या खिशात राहिलं आणि तो रिपोर्टच्या रांगेत. तात्यांनी दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. गळ्यात माळ नसताना अन्नपाणी घ्यायचं नाही, हे सगळं विसरलेल्या त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि नर्सबाईंना वाटत होतं म्हातारा हट्टी आहे. तुमच्यातलं कुणी तपासणीला जाणार असेल तर दोऱ्यात ओवलेली माळ घालून पाठवा.

शेवटी आईचं. तिनं तीन वर्षांत देवळात हरिपाठाला पाऊल ठेवलेलं नाही. महिला मंडळात तिचा आवाज वरचा होता, गौळण तिच्यावाचून सुरू व्हायची नाही. तात्यांना एकटं सोडता येत नाही, मी शाळेत असते, भाऊ चाकणला कंपनीत. रात्री ते उठतात म्हणून ती दाराला आडवी झोपते. लोक येतात, तात्यांची चौकशी करतात, चहा पितात आणि जातात. तू कशी आहेस, हे तिला मागच्या दिवाळीपासून कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. तिचंही मन खचत चाललंय, आणि ते औषधाच्या चिठ्ठीवर कुठेच लिहिलेलं नाही. मंडळातल्या दोघांनी आठवड्यातून एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन तात्यांबरोबर टाळ धरला, तर ती तेवढा वेळ देवळात जाऊन येईल. ज्या घरात असं माणूस आहे, त्या प्रत्येक घरात एक अशी आई, एक अशी सून आहे. मंडळानं वर्गणीच्या वहीत एक पान या घरांसाठी ठेवावं, त्यात पैसे नकोत, फक्त वार आणि नावं.

आमच्या मंडळींना वेगळं सांगते, ते हे वाचतील. येत्या एकादशीला आम्ही तात्यांना घेऊन येतो आहोत. हरिपाठाच्या थोडं आधी येऊ, गर्दी नसताना. दक्षिणेकडच्या खांबाला टेकून बसायची त्यांची जुनी जागा आहे, तेवढी मोकळी ठेवा. टाळ आम्ही घरून आणतो.

आपली,
एका विणेकऱ्याची लेक